वेताच्या खुर्चीतला कान

सोमशेखरच्या दुकानात एक वेताची खुर्ची होती आणि तिच्यात दुसऱ्या कुणी बसायचं नाही, असा त्याचा कडक कायदा. राजारामपुरीतलं ते दुकान छोटंसंच, पण आत छातीएवढ्या उंचीचे, परदेशातनं मागवलेले स्पीकर मांडलेले. कुठल्या स्पीकरला कुठला अ‍ॅम्प्लिफायर लावायचा, हे तो त्या खुर्चीत डोळे मिटून ठरवी. जोडी जमली की उजव्या हाताचं बोट वर! मग गिऱ्हाइकानं ब्र काढायचा नाही. काढलाच, तर हा म्हणणार, "पावणं, कान तुमचा मोठा का माझा?"

आता हा तोरा काही उगाच नव्हता बरं का. कबनूरला बापाच्या कारखान्यात त्यानं वीस वर्षं यंत्रमाग चालवले. चोवीस माग एकदम खडखडत असताना कुठला माग बिघडलाय, हे तो दारातूनच सांगे. त्याच कानाच्या भरवशावर पुढं कोल्हापुरात दुकान काढलं, नाव कमावलं. दुसरं काय होतं त्याच्याकडं?

आणि त्याच कानावर शंका घेत यज्ञेश्वर सर आज तिसऱ्यांदा आले होते, या वेळी अ‍ॅम्प्लिफायरच उचलून घेऊन. निवृत्त प्राध्यापक, बोलणं मऊ. "सोमशेखर, रागावू नका. स्पीकर उत्तम आहेत, पण तुम्ही दिलेला अ‍ॅम्प्लिफायर त्यांना जुळत नाही हो. तासाभरात कान किटतात. आमची ही तर म्हणते, भांडी आपटल्यासारखं वाजतं."

"भांडी?" सोमशेखर तडकला. "सुष्मे, सरांचा बी लाव आन् तो काचेच्या नळ्यांचा, व्हॉल्व्हचा बी लाव. आज सोक्षमोक्षच करू!"

सुष्मिता त्याची लेक, दुकानातली निम्मी कामं तिच्याच अंगावर. तिनं वायरी जोडल्या. आधी व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर सतार लावली. सोमशेखरनं तोंड वाकडं केलं. "गोधडीत गुंडाळून वाजवल्यागत वाटतंय." मग सरांचा लावला. आता कशी तार न् तार मोकळी झाली! त्याचं बोट वर गेलं. त्यानं डोळे उघडले, तर सर कानाची पाळी चोळत बसलेले आणि सुष्मिता खाली मान घालून उभी.

तेवढ्यात कोपराशी चहाचा कप आला आणि तो केवढा तरी दचकला. माडीवरच्या घरातनं त्याची बायको शांतव्वा चहा घेऊन आली होती.

"मांजरागत येतीस बघ! पैंजण घालायचं सोडलंस तवापास्नं हेच चाललंय."

एरवी यावर ती नुसती हसायची. आज तिनं ट्रे ठेवून कानावर हात ठेवला. "अवं, ही शिट्टी कसली वाजतीया?"

"कुठली शिट्टी? सतार हाय ती."

"सतार न्हवं. बंद करा बघू ती."

सुष्मितानं सतार थांबवली. खोली गप्प झाली. निदान सोमशेखरला तरी. बाकी तिघांची तोंडं अजून डाव्या स्पीकरकडंच वळलेली, सरांच्या कपाळाला आठ्या. त्यानं उठून स्पीकरच्या जाळीला कान लावला. काही नाही. मग त्यानं अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि तिघांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला. ते मात्र त्याला स्वच्छ दिसलं.

"कवापास्नं, सुष्मे?"

"दोनेक वर्षं झाली, अप्पा," ती वायर बोटाला गुंडाळत म्हणाली. "तुम्ही ठरवलेली जोडी बारीक सुरांना टोचायला लागली. मग गिऱ्हाइकाच्या घरी बसवताना मीच बारीक सूर उतरवून ती मऊ करून द्यायची. सरांकडं नाही जमलं. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू?"

राग आला, पण काढायचा कुणावर? ज्या मागांनी कान घडवला, त्यांनीच तो आतनं कुरतडला होता. तरी गडी खोटं बोलला नाही. "सर, माफी असावी. चूक माझ्या कानाची हाय."

त्यानं खुर्ची लेकीपुढं सरकवली. "बस."

"अप्पा, नको..."

"बस म्हणतोय न्हवं!"

ती बसली. व्हॉल्व्हवर सतार पुन्हा लागली. बऱ्याच वेळानं, भीत भीत, सुष्मिताचं बोट वर गेलं. सरांच्या कपाळावरच्या आठ्या तोवर गेल्याही होत्या.

सर गेल्यावर शांतव्वा कप गोळा करून जिन्याकडं निघाली. सोमशेखर स्टुलावर मान खाली घालून बसला होता, म्हणून त्याला लुगड्याच्या काठाखाली चांदी चमकलेली दिसली. बारीक घुंगरांची.

"शांते, पैंजण कवा घातलंस?"

"सोडलं कवा व्हतं?" ती हळूच म्हणाली.

तो स्टुलावरनं तिच्याकडं वळला. मग म्हणाला, "चाल की जरा."

हातात ट्रे तसाच धरून ती दारापर्यंत गेली, वळली, मुद्दाम पाय जोरात टाकत परत आली. त्यानं डोळे गच्च मिटले होते.

"येतंय ऐकू?"

"न्हाय," तो म्हणाला आणि त्यानं डोळे उघडले. "पर चाल तू. मी बघतो."