टोकावरचा थेंब

तिने पिपेटचं बटण अंगठ्याने दाबलं आणि टोक चिपच्या छिद्राच्या कडेला टेकवलं, तेव्हा कुठे थेंब सुटला. नखाएवढ्या त्या काचेत केसाहून बारीक वाटा कोरलेल्या होत्या. थेंब एकीत शिरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली निमूटपणे वळणं घेत गेला. एवढासा थेंब आपण होऊन खाली पडत नाही, जिथे असतो तिथेच चिकटून राहतो. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी हेच सांगायची : टेकवा, नाहीतर दिवसभर वाट बघत बसाल.

फोन थरथरला. दादा होता.

"बाबा सकाळपासून पाणी पाणी करताहेत. मला नाही बघवत गं. तू ये."

तिने हातमोजे काढले. निघता निघता कपाटातलं नवं पिपेट आणि निर्जंतुक टोकांची बंद डबी पिशवीत टाकली.

बाबांचं गिळणं बंद झालं होतं. घोटभर पाणीही फुप्फुसात उतरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नाकातल्या नळीतून सगळं पोटात पोचत होतं. तहान मात्र तोंडाची होती. दादा रुग्णालयातल्या त्यांच्या खोलीबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता. ती आत गेली.

"काय थेंबेबाई," बाबांचा आवाज खरखरत आला. "आज सुट्टी?"

आयुष्यभर त्यांनी जलकेंद्रावर पंप चालवले होते. माणूस वाकून चालत जाईल एवढाले पाइप. लेकीचं काम त्यांनी एकदा भिंगातून पाहिलं आणि विचारलं होतं, "यात मुंगीची तरी आंघोळ होईल का गं?"

"पाणी दे."

"बाबा, नाही देता येत."

"माझ्या मापाने नको. तुझ्या मापाने दे."

तिने उशाशी उभ्या असलेल्या सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने पिपेट हातात घेतलं, त्यात किती मावतं ते विचारलं आणि परत दिलं.

"एवढंच हं. जिभेच्या शेंड्यावर."

तिने सगळ्यात लहान माप लावलं आणि पेल्यातलं पाणी टोकात ओढून घेतलं. बाबांनी तोंड उघडलं. जीभ भेगाळली होती, भेगांच्या कडा काळसर पडल्या होत्या. टोक लागलं तर दुखेल. तिने ते जिभेच्या जरा वरच धरलं आणि अंगठा दाबला.

बाबांनी तोंड मिटलं. डोळेही मिटले.

"गार आहे," ते म्हणाले.

"कळलं तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? जीव थंड झाला. बास, आता उगाच पूर आणू नकोस." त्यांनी मान दाराकडे वळवली. "बाहेर तो उभा असेल. सांग त्याला, प्यायलो म्हणून. आणि दोघं काहीतरी खाऊन या."

ती उठली. टोक काढून टाकण्यासाठी तिने पिपेट खिडकीच्या उजेडात धरलं.

मोहरीहून लहान थेंब टोकालाच चिकटून होता.

तिने वळून पाहिलं. बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते, आत काही जपून ठेवल्यासारखे.

दाराशी दादा आला.

"प्यायले का गं?"

तिचा अंगठा अजून दाबलेलाच होता.

"हो," ती म्हणाली.