संकल्पातलं गाव

सेतुमाधवरावांनी फोन आधी तांब्याला टेकवून पाहिला, मग समईला. दोन्हीकडून तो घसरला तेव्हा ते उठले आणि स्वयंपाकघरातून बायकोचा पोळपाट घेऊन आले. पोळपाट भिंतीशी उभा करून त्यावर फोन टेकवला, चार पावलं मागे जाऊन पाहिलं. आता नीट बसला होता. विजयलक्ष्मी असती तर पोळपाटाला असा कुणाला हात लावू दिला नसता, पण आज श्राद्ध तिचंच होतं.

रघुरामशास्त्री पाटावर बसून दर्भ सोडवत होते. त्यांना पुढे गिंडीला आणखी एका घरी जायचं होतं आणि घोडं अडलं होतं ते एका द्वीपापाशी. मुलगा तिकडून फोनवर श्राद्ध करणार, तर संकल्पात देशकाल सांगताना इंग्लंड कुठल्या द्वीपात धरायचं, हे त्यांनी दोन जाणत्यांना विचारलं होतं आणि दोघांनी दोन द्वीपं सांगितली होती.

"द्वीपाचं मी निभावून नेतो," शास्त्री म्हणाले. "गावाचं नाव तेवढं पुन्हा सांगा. मागं तुम्ही सांगितलंत तेव्हा मज वाटलं, माझी थट्टा करता."

"थट्टा नाही. ग्रेट स्नोरिंग. आपल्या भाषेत मोठं घोरणं," सेतुमाधवराव म्हणाले. "पण ते तुम्ही म्हणू नका. विश्वेशकडून म्हणवून घ्या. संकल्प त्याचा, गाव त्याचं."

शास्त्रींनी मान हलवली. त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. सेतुमाधवरावांनी मात्र फोन पुन्हा एकदा सरळ केला.

विश्वेश आणि त्याची बायको संयुक्ता त्या गावात राहायला गेले तेव्हा विजयलक्ष्मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. मुलाऐवजी नवऱ्यालाच तिकडे पाठवायला हवं होतं, लोकांनी त्याला सरपंच केलं असतं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. शेजारच्या गावाचं नाव छोटं घोरणं आणि ते छोटं या मोठ्यापेक्षा मोठं, हे कळल्यावर तर मद्रासला अंबत्तूरच्या त्यांच्या इमारतीत कुणाला चैन पडेना. खाली बाकावर बसणाऱ्या मंडळींनी त्याचं तमिळमध्ये 'कुरट्टै ऊर', म्हणजे घोरण्याचं गाव, करून टाकलं. दर रविवारी विश्वेशचा फोन यायचा, तो गावाची नवी गंमत सांगायचा आणि संध्याकाळी सेतुमाधवराव ती तिखटमीठ लावून बाकावर पोचवायचे.

विजयलक्ष्मी गेल्यावरही गमती थांबल्या नाहीत. गेल्या वर्षी विश्वेश संयुक्ताला घेऊन श्राद्धाला आला, गेला, आणि त्यानंतर तर त्या फारच वाढल्या. सून कुठं आहे विचारलं की पोस्टमनची गंमत. कामाला जातेय का विचारलं की शेजारच्या म्हातारीची गंमत. फोनवर चेहरा दिसेनासा झाला, कारण म्हणे तिथलं नेट बरं नव्हतं. सेतुमाधवराव हसायचे, पण फोन ठेवला की लक्षात यायचं, सुनेचं उत्तर मिळालंच नाही.

मग एका रविवारी विश्वेश बोलत असताना मागून आगगाडी गेली. अंबत्तूरला रुळांच्या कडेला आयुष्य काढलेल्या माणसाला गाडीचा आवाज सांगावा लागत नाही. घोरणाऱ्या गावात गाडी येत नाही, हे विश्वेशनंच कितीदा सांगितलं होतं, त्याचीही एक गंमत होती. सेतुमाधवरावांनी तेव्हा काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी एक गंमत ऐकावी लागली असती.

संकल्पात मात्र कुणी खोटं बोलत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी पाहिलं होतं. तंजावर सोडून कुटुंब मद्रासला आलं त्या वर्षी त्यांच्या वडिलांच्या तोंडून सवयीनं जुन्या गावच्या कावेरीचं नाव गेलं, तर म्हाताऱ्यानं पळीतलं पाणी टाकून दिलं आणि सगळा संकल्प पहिल्यापासून केला. पितर आपल्याला शोधत येतात, ते चुकीच्या दारी जायला नकोत, एवढंच म्हणाले होते. विश्वेशनं ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती.

फोन लागला. आज चेहरा दिसणं भागच होतं. विश्वेश उघड्या अंगानं बसला होता, खांद्यावर पंचा, समोर स्टीलची वाटी आणि तीळ. गळ्याची हाडं दिसत होती. मागे पांढरी भिंत, अरुंद पलंगाची एक कड आणि त्याखाली मोठी सूटकेस. खिडकीतून पूर्वी हिरवं शेत दिसायचं, ते कुठंच नव्हतं. सेतुमाधवरावांची धाकटी बहीण धनलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारातून वाकून पाहत होती.

"बारीक झालास रे," ती म्हणाली. "संयुक्ता कुठं अहे?"

"अत्या, आधी हे होऊ दे," विश्वेश म्हणाला.

शास्त्रींनी सुरुवात केली. संवत्सर झालं, अयन झालं, मास, पक्ष, तिथी झाली. द्वीप त्यांनी जरा भरभर म्हटलं. विश्वेश मागोमाग म्हणत होता, उच्चार स्वच्छ होते, आईनंच घोटून घेतलेले. मग शास्त्री थांबले.

"आता तुझं गाव. तूच सांग."

विश्वेशनं पाण्यानं भरलेली पळी तशीच धरून ठेवली. नेट गेलं की काय म्हणून शास्त्रींनी फोनकडे वाकून पाहिलं. सेतुमाधवरावांना एकाएकी वाटलं, हे आपण काय करून बसलो. पोराला आईच्या श्राद्धाच्या दिवशी कोंडीत पकडलं. म्हणू दे त्याला घोरणारं गाव, मी हसेन. पण विश्वेशच्या मागून एक गाडी गेली, लांबलचक, आणि ती जाईपर्यंत तो थांबला.

"लेस्टर," तो म्हणाला.

"काय?" शास्त्रींना कळेना. "ते घोरण्याचं गाव?"

"लेस्टर कुठलं?" धनलक्ष्मी दारातून दोन पावलं पुढे आली. "अण्णा, कुरट्टै ऊर म्हणतोस की तू?"

विश्वेशनं वर पाहिलं. फोनमधून नेमकं कुणाकडे पाहतोय ते कळत नाही, पण सेतुमाधवरावांना कळलं. त्यांच्याही बोटात दर्भाचं पवित्र होतं.

"तेच ते," सेतुमाधवराव म्हणाले. "लेस्टर तिथलं तालुक्याचं गाव. कागदावर तेच लिहितात. शास्त्री, चला पुढं, तुम्हास गिंडीला जायचं अहे."

विश्वेशनं खाली पाहिलं. पळीतलं पाणी त्यानं सोडलं. पुढे आईचं नाव आणि गोत्र म्हणताना त्याचा आवाज दोनदा फाटला, आणि शास्त्रींनी दोन्ही वेळा थांबून त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

शास्त्री दक्षिणा घेऊन, चपला घालून गेले. धनलक्ष्मी पानं मांडायला आत वळली. फोन पोळपाटाला टेकलेलाच होता.

"अप्पा," विश्वेश म्हणाला.

"जेवायचं काय केलंस?"

"भात लावला अहे. वरण अहे."

"किती लावलास?"

विश्वेशनं पंच्याचं टोक तोंडावरून फिरवलं.

"एकाचा," तो म्हणाला. "पावसाळ्यापासून एकाचाच लावतो."

सेतुमाधवरावांना खूप काही बोलायचं होतं. तू इतके महिने मला हसवत बसलास, असं रागावायचं होतं, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. दोन्ही जमण्यासारखं नव्हतं.

"वरून तूप घाल," ते म्हणाले. "आणि पुढच्या रविवारी गमती नकोत. तोंड दाखव नुसतं, पुरे."

"सरि अप्पा," विश्वेशनं मान हलवून होकार दिला.

त्यांनी फोन बंद केला, पोळपाट जागच्या जागी नेऊन ठेवला आणि त्याच्यावरचं नसलेलं पीठ हातानं पुसलं. वाढताना धनलक्ष्मीनं भावाच्या पानात वडा जास्तीचा टाकला, त्यावरून तिला कळलं असावं.

संध्याकाळी खाली जायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण न जावं तर कुणीतरी वर आलं असतं. बाकावर बालाजीराव नेहमीच्या जागी होते, बाजूला आणखी दोघं. त्यांनी सरकून जागा केली.

"श्राद्ध नीट झालं की?" बालाजीरावांनी विचारलं.

"झालं. फोनवरून झालं, पण नीट झालं."

"मग काय म्हणतं आपलं कुरट्टै ऊर? ह्या वेळेस नवं काय?"

सेतुमाधवरावांनी उपरणं मांडीवर घडी करून ठेवलं. समोरून गाडी गेली, ती जाऊ दिली.

"कुत्रा आणला म्हणे गावानं," ते म्हणाले. "अख्खं गाव घोरतं, तर राखणीस कोणी तरी हवं ना. चार दिवस भुंकला. आता तोही घोरतो."

मंडळी हसली. बालाजीरावांना तर ठसकाच लागला, शेजारच्यानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आणि सून बरी अहे ना? फार दिवस झाले, तिचं काही सांगितलं नाहीत."

"अहो," सेतुमाधवराव म्हणाले, "त्या गावच्या पोस्टमनचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच."