साहेबाचा उपास

मिरीच्या बिबट्याला रोज एक भोपळा लागायचा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबांनी कपाळावर हात मारून घेतला होता.

"बिबट्या आणि भोपळा? खेळ बनवणाऱ्यानं बिबट्या पाहिलाय का कधी? निदान भोपळा तरी?"

बाबांचा राग रास्त होता. निवृत्त होईपर्यंत ते प्राणिसंग्रहालयात वाघ-बिबट्यांच्या पिंजऱ्यांवर होते. मांस तोलायचं, हाडं बघून घ्यायची, कुणी पानात टाकलं तर का टाकलं ते शोधायचं, हे त्यांचं काम. आणि आता त्यांची नात त्यांना सांगत होती की तिच्या खेळात लांडगा पाव खातो, पाणमांजर अळंबी खातं आणि अस्वल काहीही खातं.

"अस्वलाचं बरोबर आहे," बाबा म्हणाले. "पण लांडगा पाव खातो, तर मग वाघ काय, चहा पितो?"

"वाघ नाहीये ह्यात, आजोबा. पुढच्या वर्षी येणार आहे."

"येऊ दे. मी बिस्किटं आणून ठेवतो."

मिरी म्हणजे माझ्या ताईची मुलगी. अंगानं एवढीशी आणि बोलायला झणझणीत, म्हणून मिरी. ताईच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती सगळी लांब राहायला गेली, तेव्हापासून तो झणझणीतपणा गेला होता. ताई फोनवर सांगायची की नव्या शाळेतून येते, दप्तर टाकते, विचारलं तर हो-नाही करते. संध्याकाळी खेळात शिरली की मात्र तिचं तोंड उघडायचं, तेही आजोबांपाशी. ती तिकडून, बाबा इकडून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या कॉम्प्युटरवरून. दोघं मिळून कुंपणं बांधायचे, भोपळे लावायचे, जनावरं माणसाळवायचे आणि बडबडायचे. बाबांना माउस धड धरता येत नव्हता. त्यांचा खेळातला माणूस सारखा नदीत पडायचा आणि ती खिदळायची.

बिबट्याचं नाव साहेब. हाक मारली तरी उठत नाही म्हणून.

मग मिरीची शाळा आठवडाभर शिबिराला निघाली. तिथे फोन चालणार नव्हता. तिनं बाबांना कुंपणापासून कोठारापर्यंत सगळं फिरवून दाखवलं. कुणाला काय, किती, कुठल्या फाटकातून. "साहेबाला सांभाळा हं," असं तीनतीनदा म्हणाली. बाबा मला म्हणाले, "मला सांगतेय, बघ. मला!" आणि दिवसभर खुशीत होते.

मंगळवारी मी कामावरून आले तर बाबा टेबलाशी उभे होते. पडद्यावर साहेबाचं कुंपण रिकामं होतं. फाटकाशी त्याच्या गळ्यातला निळा पट्टा पडलेला.

"काल खायला घातलं नाहीत का?" मी विचारलं.

"काल सोमवार होता."

"मग?"

"मग काय? सोमवारी उपास असतो."

मला कळायला एक क्षण लागला. प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असायचं आणि त्या दिवशी मोठ्या मांसाहारी जनावरांना काही द्यायचे नाहीत. रानात त्यांना रोज शिकार कुठे मिळते? पोटाला विश्रांती हवी. बाबांच्या हाताला ती सवय इतकी मुरलेली की आपण काही वेगळं करतोय हे त्यांच्या मनातही आलं नाही. पाणमांजराला दिलं, मेंढ्यांना दिलं, लांडग्याला आणि साहेबाला दिलं नाही. साहेबाच्या डोक्यावरची भुकेची पट्टी लाल झाली तेव्हा त्यांना समाधान वाटलं होतं, की उद्या चांगलं खाईल.

खेळाचा नियम वेगळा होता. लांडगा दोन दिवस कळ काढायचा. बिबट्या मात्र एक दिवस उपाशी राहिला की पुन्हा रानटी होऊन निघून जायचा. पट्टा गळून पडायचा. मग तो रानातल्या इतर बिबट्यांसारखाच एक. सगळ्यांचे ठिपके सारखे, कारण चित्रकारानं चित्र एकच काढलेलं.

"वेडपट आहे हा खेळ," बाबा पुटपुटले. मग खाली बसले. "ती काय म्हणेल गं?"

माझ्याकडे एक तोडगा होता. "दुसरा पकडू या. भोपळे भरपूर आहेत. गळ्यात हाच निळा पट्टा. ब्रह्मदेवाला कळायचं नाही."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेत कॉपी करताना सापडले आहे. पण नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडून त्यांनी एक बिबट्या आणलाच. भोपळा दाखवत दाखवत, स्वतः दोनदा नदीत पडून. पट्टा चढवला. कुंपणात बसलेला तो बिबट्या अगदी साहेब होता. हाक मारली तरी उठत नव्हता.

मिरी शिबिराहून आली त्याच संध्याकाळी खेळात शिरली. स्पीकरमधून तिचा आवाज आला, "आजोबा! साहेब कसाय?" आणि तिची लाल टोपीवाली बाहुली तडक कुंपणाकडे पळाली. "अय्या, बघा कसा बसलाय!"

बाबांनी घसा खाकरला. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"हा साहेब नाही," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"साहेब गेला निघून. मी सोमवारी त्याला खायला दिलं नाही. हा नवीन आहे. पट्टा मीच घातला."

"विसरलात?"

बाबांना हो म्हणता आलं असतं. म्हातारी माणसं विसरतात, नातवंडं माफ करतात. मी तर त्यांच्या वतीनं हो म्हणायला तोंडसुद्धा उघडलं होतं.

"नाही," बाबा म्हणाले. "मुद्दामच दिलं नाही. आमच्याकडे तशी रीत होती."

लाल टोपी हलली नाही. मग नाहीशी झाली. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली, की मिरी खेळातून बाहेर पडली आहे.

"सांगायची काय गरज होती?" मी म्हणाले.

"तिनं त्याला साहेब म्हणून हाक मारली असती," बाबा म्हणाले, "आणि मी रोज ऐकलं असतं."

ताईचा फोन आला. "काय केलंत तुम्ही दोघांनी? खोलीचं दार लावून बसलीये. शिबिराचं विचारलं तर तेही सांगत नाही." पुढच्या संध्याकाळी मिरी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाबा मात्र रोज खेळ उघडायचे. सगळ्यांना खायला घालायचे, आणि मग कोठारातले भोपळे घेऊन रानात जायचे आणि झाडाखाली एकेक ठेवून यायचे.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कुठेतरी उपाशी असेल तो. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेलं जनावर. त्याला शिकार कुठे येणार?"

तो चित्रातला बिबट्या आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण वाटायचं ते वाटतच होतं. मी प्राणिशास्त्र शिकलेली, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी. माझ्या हातात एकच गोष्ट होती, तपासून बघणं. सुट्टीच्या दिवशी मी सकाळपासून एका रानटी बिबट्याच्या मागे लागले. त्याच्या वाटेत मेंढी आणून बांधली. तो तिच्याशेजारी झोपला. मासे टाकले, हुंगलेसुद्धा नाहीत. भोपळा दाखवला की मागे यायचा, पण तोंड लावायचा नाही. हरणांच्या कळपातून तो गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसासारखा अंग चोरून गेला. मग मी हरणांकडे पाहिलं. ती मान खाली घालून चरत होती, पण गवत कमी होत नव्हतं. तोंड हलत होतं, एवढंच. आणि कुणाच्याही डोक्यावर ती भुकेची पट्टी नव्हती. पट्टी यायची ती माणूस पट्टा बांधायचा तेव्हा.

"बाबा, रानातलं कुणीच काही खात नाही," मी सांगितलं. "बनवणाऱ्यांनी त्यांना भूकच दिलेली नाही. भूक फक्त पाळलेल्यांना."

बाबांनी दोनदा विचारलं, "नक्की?" मी दोनदा नक्की म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. खूप वेळ पुसला.

त्याच संध्याकाळी लाल टोपी आली. कुंपणाशी येऊन उभी राहिली. बाबा नुसते "आलीस?" म्हणाले.

मिरी म्हणाली, "तुमच्याकडे खरंच असं करायचे? उपाशी ठेवायचे?"

"आठवड्यातून एकदा. त्यांचं पोट वेगळं असतं. आपल्यासारखं घटकेघटकेला लागत नाही."

"ते रागवायचे का?"

"एक म्हातारी वाघीण होती, ती दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसायची. तुझ्यासारखी."

तिकडून एक हुंकार आला. हसू होतं की नाही, सांगता येत नाही.

"मग आता साहेब काय खात असेल?"

"काही नाही," बाबा म्हणाले, आणि मग घाईघाईनं, "म्हणजे त्याला लागतच नाही काही. तुझ्या मावशीनं तपासलंय. बाहेर भूकच नाही कुणाला. आपण पट्टा बांधतो ना, तेव्हा लागते."

मग लाल टोपी चालायला लागली. तिनं बिबट्याचं फाटक उघडलं. मग लांडग्याचं, मग पाणमांजराचं.

"अगं, अगं," बाबा दचकले, "निघून जातील सगळी!"

"जाऊ देत. उद्यापासून खायला नका घालू कुणाला, पट्टे आपोआप गळतील. मेंढ्यांचं फाटक अडकतंय, तुम्ही धरा."

बाबांनी धरलं. नव्या बिबट्याच्या मागून मेंढ्या बाहेर पडल्या, सावकाश, एकामागून एक. सगळं रिकामं झाल्यावर ती दोघं उघड्या फाटकाशी उभी राहिली. कुंपण बांधायचं नाही, भोपळे लावायचे नाहीत, करायला काहीच उरलं नव्हतं. मला वाटलं, आता ती जाईल.

"आजोबा," मिरी म्हणाली, "शिबिरात पहिल्या दिवशी मी जेवलेच नाही. माझ्याशेजारी कुणी बसलं नाही म्हणून."

बाबांनी माउस सोडून दिला. पडद्यावरचा त्यांचा माणूस उतारावरून घसरत नदीत गेला, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते स्पीकरजवळ वाकले.

"आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी काय खाल्लंस?"

"पाव. आणि एका मुलीनं तिच्यातलं सफरचंद दिलं."

"अर्धं की सगळं?"

"अर्धं."

"चांगली आहे मुलगी," बाबा म्हणाले. "नाव काय तिचं?"