कारण न सांगणारा दारवान

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत आणि मिशा तर नाहीतच. तरीही एका मोठ्या रुग्णालयाच्या दारात मी कित्येक वर्षं दारवान म्हणून उभा आहे. हे दार तुम्हाला रस्त्यावरून दिसणार नाही. रुग्णालयाची एक वेबसाइट आहे, आतल्या आत चालणारी. कोणत्या बाळाचं वजन किती, कुणाला कोणतं औषध, कुणाची कामाची पाळी कधी, हे सगळं तिच्या पानांवर असतं. बाहेरच्या जगाला ती उघडत नाही. आतल्या माणसांनाही सगळी पानं उघडत नाहीत. कुणाला कोणतं पान दाखवायचं ते मी ठरवतो.

दारवान म्हटलं की माणसं ओळखण्यात पटाईत असणार, असं तुम्हाला वाटेल. छे! मला माणूस ओळखताच येत नाही. मी फक्त गट ओळखतो. मला घडवणारे गृहस्थ अबोल होते. जिन्याखालच्या खोलीत बसून त्यांनी मला एकेक ओळ लिहीत तयार केलं आणि दोन नियम शिकवले. पहिला असा की, आलेल्याचं नाव कोणत्या गटात आहे ते पाहायचं. डॉक्टरांच्या गटातल्याला डॉक्टरांची पानं, औषधभांडारातल्याला भांडाराची. दुसरा नियम जरा कडक होता. एक गट ‘हो’ म्हणाला आणि दुसरा ‘नाही’ म्हणाला, तर ‘नाही’चं ऐकायचं. ‘हो’ म्हणणारे कितीही असोत.

हा नियम उगाच केलेला नव्हता. रुग्णालयातली माणसं आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिकटवतात. कुणी लांबच्या रजेवर गेलं की घाईच्या वेळी दुसराच कुणी तो वापरतो, आणि मग बाळाला औषध दिलं कुणी, याचा पत्ता लागत नाही. म्हणून रजा बघणाऱ्या कारकुनाला एक बटण दिलं होतं. ते दाबलं की रजेवर गेलेल्याचं नाव एका खास गटात जाई. रुग्णांच्या पानांना ‘नाही’ म्हणणं, एवढंच त्या गटाचं काम. रजा संपवून आलेल्याने आधी ऑफिसात हजर व्हायचं, मग कारकून दुसरं बटण दाबून नाव काढून घेणार, अशी पद्धत होती.

तिसरी गोष्ट शिकवायची राहून गेली. नाही म्हणताना कारणही सांगायचं, ते पुढे बघू, असं माझे गृहस्थ म्हणाले आणि दुसरीकडे नोकरी मिळाल्यावर निघून गेले. त्यामुळे नकार द्यायला माझ्याजवळ एकच वाक्य उरलं. ‘आपल्याला परवानगी नाही.’

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. मी कामाला लागलो त्या दिवशी फीत कापली, भाषणं झाली. एका बड्या डॉक्टरांनी माझी स्तुती केली आणि दुसऱ्याच दिवशी आपला पासवर्ड विसरले. पुढे सगळ्यांना माझी सवय झाली. माझे गट वाढत गेले. त्यांना नावांऐवजी नुसते आकडे दिलेले होते, आणि कोणता आकडा कशाचा हे ज्यांना ठाऊक होतं ते निवृत्त झाले. मी ज्या यंत्रात राहतो त्याच्या शेजारी झाडू आणि बादल्या येऊन बसल्या. दार नीट उघडतंय तोवर दारवानाची आठवण कुणाला होते?

आता माझी देखभाल करायला एक गृहस्थ आहेत. कोणतीही तक्रार आली की ते आधी म्हणतात, “बंद करून चालू करा.” म्हणून सगळं रुग्णालय त्यांना बंदचालू म्हणतं. माणूस सज्जन, पण शंभर ठिकाणी पळणारा. आणि त्यांचा एक ठाम समज होता की गट म्हणजे काहीतरी देणारी वस्तू. काही मिळत नसेल तर आणखी एक गट द्यावा, म्हणजे झालं.

आता मोठ्या सिस्टरांबद्दल सांगतो. नवजात बाळांच्या वॉर्डात त्यांच्या नोकरीची सारी वर्षं गेली. वेळेआधी जन्मलेली, तळहाताएवढी बाळं त्या सांभाळत. अशा बाळाला दूध थेंब मोजून द्यावं लागतं, आणि किती द्यायचं ते दर पाळीला माझ्या पानावर बदलतं. मोठ्या सिस्टरांची आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांचं कामातलं लक्ष उडालं. एकदा मेट्रननी, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांनी, त्यांना चारचौघांत सुनावलं, “सिस्टर, तुमचं मन इथे नाही.” ते त्यांना फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लांबची रजा टाकली. कारकुनाने बटण दाबलं. नाव त्या गटात गेलं.

काही महिन्यांनी आई गेली. रिकामं घर सिस्टरांना खायला उठलं. रजा शिल्लक असतानाच त्यांनी मेट्रनना फोन केला. वॉर्डात माणसं कमी होती, मेट्रन म्हणाल्या, उद्याच या. सिस्टर आल्या त्या थेट वॉर्डात. बाळं रडत असताना ऑफिसात जाऊन हजेरी कोण सांगतं? मेट्रनना वाटलं, त्या ऑफिसात जाऊन आल्या असतील. कारकुनाला वाटलं, त्या अजून रजेवरच आहेत. आणि मला तर असं काही वाटून चालत नाही, मी गट बघतो.

पहिल्याच सकाळी त्यांनी बाळाचं पान मागितलं आणि मी म्हणालो, आपल्याला परवानगी नाही. सूचनांचं पान त्यांना दिसत होतं, पाळ्यांचं दिसत होतं. फक्त बाळांची पानं तेवढी बंद.

त्यांनी बंदचालूंना गाठलं. या गृहस्थांनी आधी बंद करून चालू करायला सांगितलं. मग एक गट दिला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. असे देता देता सिस्टरांच्या नावावर वॉर्डाच्या मुख्य डॉक्टरांपेक्षा जास्त गट झाले. शेवटी हात टेकून ते जाता जाता बोलून गेले, “वरूनच काही बंद केलं असेल, तर मला कल्पना नाही बुवा.”

भिंतींना कान असतात म्हणतात, दारांना तर असतातच. त्या एका वाक्याने सिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी मनाशी हिशेब जुळवला. मेट्रननी वॉर्ड दिला, पण विश्वास काढून घेतला. विचारायला जाणं त्यांच्या मानी स्वभावात बसेना. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. रोज एखाद्या धाकट्या सिस्टरला पान उघडायला लावायच्या, ती आकडा वाचून दाखवायची, मोठ्या सिस्टर दूध द्यायच्या आणि नोंद त्या धाकटीच्या नावाने व्हायची. इतक्या वर्षांच्या अनुभवी बाईला रोज शिकाऊ मुलींकडे हात पसरावा लागत होता.

तिकडे मेट्रन रोज संध्याकाळी माझ्याच पानांवर नोंदी तपासत होत्या. मोठ्या सिस्टरांच्या नावाची एकही नोंद नाही! त्यांनीही आपला हिशेब जुळवला. बाई आल्यात, पण कामाला हात लावत नाहीत, सगळं पोरींवर ढकलतात. दोघीही एकमेकींशी अगदी गोड बोलत होत्या, आणि गोड बोलणं वाढलं की समजावं, काहीतरी बिनसलंय. मी मधोमध उभा होतो. एका वाक्यात दोघींचा गैरसमज मिटला असता, पण ते वाक्य मला कुणी शिकवलंच नव्हतं. मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटत होतं.

एका दुपारी वॉर्डातल्या टेबलापाशी मोठ्या सिस्टर मेट्रनना म्हणाल्या, की शनिवारनंतर मी येणार नाही. घरी राहीन. मेट्रननी हातातला पेन खाली ठेवला.

“जायचं असेल तर जा, सिस्टर. अडवणार नाही मी,” त्या म्हणाल्या. “पण आल्यापासून तुमच्या हातची एक नोंद नाही, याचं मला वाईट वाटतं.”

“नोंद कशी असेल, मॅडम? तुम्हीच तर मला बंद केलंय.”

“मी? काय बंद केलंय?”

सिस्टर कॉम्प्युटरकडे वळल्या. खुर्ची ओढून बसल्या, आपलं नाव घातलं, पासवर्ड घातला आणि खिडकीजवळच्या बाळाचं पान मागितलं. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. मेट्रननी चष्मा लावून ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. रुग्णालयात इतकी वर्षं काढून त्यांनी ते वाक्य पहिल्यांदाच पाहिलं होतं, कारण त्यांना मी कधी अडवलंच नव्हतं.

“हे रोज येतं?” त्यांनी विचारलं.

“रोज.”

“आणि रोज तुम्ही त्या पोरींना सांगून...” मेट्रननी फोन उचलून बंदचालूंना असतील तसं यायला सांगितलं.

ते धापा टाकत आले आणि आल्या आल्या आपली बाजू मांडू लागले. गट दिलेत, सगळे दिलेत, आणखी द्यायला शिल्लक नाहीत. मेट्रननी एका नव्या सिस्टरला बोलावून तिच्या नावाने तेच पान उघडायला लावलं. मी तिला लगेच आत सोडलं. तिच्या नावावर एकच गट होता.

बंदचालू डोकं खाजवू लागले. एकच गट असलेली आत जाते आणि इतके गट असलेली बाहेर राहते, हे त्यांना उमगेना. मेट्रन शांतपणे म्हणाल्या, “पेशंटला पाच औषधं चालू आहेत आणि अंगावर पुरळ आलं, तर आपण सहावं देतो का? एकेक बंद करून बघतो.”

बंदचालू थबकले. गट काढायचा असतो, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. ते तिथेच बसले आणि सिस्टरांच्या नावावरचा एकेक गट काढू लागले. दर वेळी सिस्टरांना वेबसाइटवरून बाहेर पडून पुन्हा पासवर्ड घालून आत यावं लागत होतं, कारण मी गट बघतो ते माणूस आत येतानाच. म्हणजे या खेपेला ‘बंद करून चालू करा’ हा सल्ला अगदी खरा होता, पण ते सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. एक गट गेला, परवानगी नाही. दुसरा गेला, नाही. सिस्टरांचे ओठ घट्ट मिटलेले. होतं नव्हतं तेही चाललं, असं त्यांना वाटत असावं.

मग एका जुन्या आकड्याचा गट निघाला. सिस्टर बाहेर पडून आत आल्या. मी पाहिलं, आता ‘नाही’ म्हणणारा कुणी उरला नव्हता. मी दार उघडलं.

बाळाचं पान समोर आलं. वजन थोडं वाढलं होतं. कारकुनाला फोन लावल्यावर कळलं की तो आकडा म्हणजे रजेवरच्यांचा गट. म्हणजे सिस्टरांना कुणीच बंद केलं नव्हतं, फक्त त्यांचं नाव काढायचं राहून गेलं होतं.

“मी विचारायला हवं होतं तुम्हाला,” मेट्रन म्हणाल्या.

“मीही,” सिस्टर म्हणाल्या आणि डोळे पुसून बाळाकडे वळल्या. दूध देऊन झाल्यावर त्यांनी माझ्या पानावर स्वतःच्या नावाने पहिली नोंद केली. एका बोटाने, सावकाश. मला इतका आनंद फीत कापली तेव्हाही झाला नव्हता.

शनिवार आला आणि गेला. मोठ्या सिस्टर वॉर्डातच आहेत. त्या आठवड्यात बंदचालूंनी आकड्यांच्या गटांना नीट नावं दिली आणि मला राहिलेला धडा शिकवला. आता मी नाही म्हणतो तेव्हा खाली कारणाचीही एक ओळ लिहितो, जसं की, ‘तुमचं नाव रजेच्या गटात आहे, ऑफिसात कळवा.’ ती वाचून लोक रागावत नाहीत, फोन उचलतात.

मित्रांनो, मी यंत्र आहे. माझे गट कुणीतरी येऊन काढतो. तुमच्या मनातले गट तुम्हालाच काढावे लागतात. कधीतरी कुणी तुम्हाला दुखावलं असेल आणि त्याचं नाव तुम्ही एका गटात टाकलं असेल. नंतर तो कितीही चांगला वागला तरी तुम्ही त्याला आत घेत नाही, आणि का घेत नाही ते आता तुम्हालाही आठवत नाही. एकदा आत डोकावून बघा. असं नाव सापडलं तर काढा, आणि त्याला तसं सांगायला विसरू नका. तुम्ही त्याला कायमचं बंद केलंय असं समजून तो कदाचित आज निघून जाण्याच्या बेतात असेल.