ढगासाठी कापलेला मुंढा

कोलाजचे वर्ग घेणाऱ्या कात्रणबाईंना गल्लीचा पुरता अंदाज होता. वाचनालयाच्या भिंतीवर सगळ्यांचं मिळून कोलाज करायचं, घरातला एकेक कागद आणा, असं त्यांनी सांगितलं, तेव्हाच कोण काय आणणार ते मनात मांडून झालं होतं. डॉक्टरीणबाई औषधांची वेष्टनं, पोस्टमन जुनी पाकिटं आणि ग्रंथपाल नुसत्या सूचना. तसंच झालं. हिशेब चुकला तो शिंप्याच्या सुनेपाशी. तिने खाकी कागदांची भली मोठी गुंडाळी आणून टाकली. "मामंजींची अडगळ आहे, न्या." एवढं औदार्य पाहून शंका यायला हवी होती. पण जाड खाकी कागद दिसला की कात्रणबाईंची अक्कल कात्रीच्या मागे चालायची.

आता भिंत खुली व्हायला तीन तास होते, आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर लेकीकडे राहिलेले शिंपीकाका दारात उभे होते.

"माझे मापांचे नमुने, ते खाकी कागद, इथे आलेत म्हणे."

काका भिंतीला नाक लावून चालू लागले.

"ही शाळेच्या मोठ्या बाईंची पाठ. डावा खांदा उतरता आहे त्यांचा. हे बँकेतल्या साहेबांचं पोट, सात वेळा उसवलं तेव्हा बसलं. तयार कपड्यात न मावणारी माणसं माझ्याकडे येतात, बाई. नमुने गेले तर दुकानात उरलं काय? मशीन?"

"काढून देते ना. वाफ दिली की सुटतात." सुटतात आणि फाटतात, यातलं पहिलंच त्या बोलल्या.

"आणि वर चिकटवलेलं?"

"तेही निघेल."

"म्हणजे पाकिटं फाटली म्हणून उद्या पोस्टमन माझ्या दारात. नको. पातळ कागद आणा."

काकांनी कागद भिंतीवर धरायला लावला आणि खडूने एकेक आकार उतरवून घेतला. बारा उतरले. कात्रणबाईंचे खांदे भरून आले, पण तक्रार करायची सोय नव्हती. तेरावा मोठ्या बाईंच्या कोटाचा मुंढा, खांद्यापासून काखेपर्यंतचा बाक. तो अर्ध्यातच संपला.

"पुढचा कुठे गेला?"

"कापला."

"का?"

"तिथे ढग हवा होता."

काकांनी खडू पुढे केला. "कापलात तुम्ही. तुमच्या हाताला आठवत असेल. काढा."

हाताला सगळं आठवतं, हे कात्रणबाई प्रत्येक वर्गात सांगत आल्या होत्या. आजवर कोणी तपासून पाहिलं नव्हतं. त्यांनी श्वास धरून रेघ ओढली, मध्ये थांबल्या, पुन्हा ओढली.

काकांनी टेप लावली. "मला वाटतं, बाक अर्धं बोट आत गेलाय."

"पुसू?"

"राहू द्या. माझा डोळा नवा आहे, त्याचाही भरवसा नाही. मोठ्या बाई येणार आहेत ना?"

"पाच वाजता. भिंत त्याच खुली करणार आहेत."

"मग त्यांच्याच अंगावर टाचून बघू. हात वर झाला की मुंढा बरोबर."

"सगळ्यांसमोर? आणि नाही झाला तर?"

काकांनी खिशातून टाचण्या काढून दातांत धरल्या होत्या. एव्हाना ते कात्री घेऊन पातळ कागदातून मुंढा कापायलाही लागले होते.