नेंगबोईची दिश्ट

सुमंगलेला डिचोलीत आजवर कोणी गप्प बसवलेलं नाही. जन्मभर बालवाडीत पोरं सांभाळली, आणि पोरांपेक्षा त्यांच्या आईबापांनाच जास्त वळण लावलं. शाळेतली जुनी मैत्रीण, आता सिस्टर फिलोमिना, हिचा फोन आला नि हिने पिशवी भरायला घेतली, तशी शेजारची सरस्वती हळूच म्हणाली, "मिशनवाल्यांवांगडा जातंस गो? बाटवतले तुका."

"ह्या वयात माका कोण बाटवतलो? माज्या हातचा माशांचा हुमण खाऊन तेच बाटतले."

पेडण्याजवळ टेकडीवर मिशनची एक बंद पडलेली शाळा होती. ईशान्येकडच्या डोंगरांत भांडणं पेटली, गावंच्या गावं जळली, आणि तिथली काही कुटुंबं आसरा शोधत इथवर येऊन पोचली. लोक त्या शाळेला कॅम्पच म्हणायचे. बंगळुरूच्या एका चर्चची तरुण मुलं तिथे दोन आठवडे सेवेला आली होती. पिवळे टी-शर्ट, गिटार, रंगाच्या पेट्या, सगळा थाट. सुमंगलेलाही एक टी-शर्ट मिळाला. तिने तो साडीवरून चढवला, आरशात बघून स्वतःलाच हसली आणि पोरांची नाकं पुसायला ठेवून दिला.

"लळा लावतले आणि जातले," ती फिलोमिनाला म्हणाली. "ह्यो पोरांच्या जिवाशी खेळ."

"आणि तू गो?"

"मी आजी आसंय." आहे की नाही बाई!

त्या पोरांत एक होती नेंगबोई. सहा वर्षांची, सगळे तिला बोई म्हणत. घर जळलं त्या रात्रीपासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आई गेली, आता मावशी तेवढी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोर आधी एका माणसाशी बोलेल, मग जगाशी. ते एक माणूस सापडायला हवं. फिलोमिनाने सुमंगलेला बोलावलं ते त्यासाठीच.

सुमंगलेने तिला हाक मारली नाही, जवळ ओढलं नाही. व्हरांड्यात पाय पसरून बसायची आणि आबोलीचे वळेसर गुंफायची. पोर आधी खांबाआडून बघायची, मग पायरीवर येऊन बसली, मग एकेक फूल हातात देऊ लागली. एका दुपारी फुलं संपली. बोईने रिकामी परडी उपडी करून बघितली आणि म्हणाली, "आजी, आनीक."

जेवताना पोरं वाढपिणीकडे मागायची तो शब्द. सुमंगलेच्या हातातून दोरा सुटला. तिने पोरीला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडली, लाज न धरता.

मग काय, कॅम्पात दिवाळीच. मावशीने सुमंगलेचे हात डोळ्यांना लावले. पिवळ्या टी-शर्टवाल्यांनी बोईला खांद्यावर घेतलं, टाळ्या पिटल्या, मोबाईल काढले. सुमंगलेला ते काही रुचलं नाही. लेकराला एवढं नावाजू नये.

सकाळी पोर तापाने फणफणली. नर्स येऊन औषध देऊन गेली, साधा ताप आहे म्हणाली. असेल. पण सुमंगलेचं मन तिला खाऊ लागलं. एवढ्या डोळ्यांखालून गेलेलं पोर, दिश्ट लागल्याशिवाय राहील? फिलोमिना कामाला म्हापशाला गेली होती. मावशी नळावर कपडे धुवत होती. क्रूसाच्या अंगणात आपली ही रीत कशाला दाखवा, म्हणून सुमंगला चुलीतले निखारे पत्र्याच्या डब्यात घालून आत घेऊन आली आणि दार लोटून घेतलं. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत धरून पोरीवरून उतरवल्या. "आल्यागेल्याची, पाप्याची, सोयऱ्याधायऱ्याची," असं पुटपुटत मूठ निखाऱ्यांवर सोडली.

मोहरी तडतडली. मिरच्यांनी पेट घेतला आणि काळा धूर नि ठसका खोलीभर उठला. दिश्ट असली तर ठसका येत नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. म्हणजे दिश्ट नव्हतीच. हे तिच्या डोक्यात येतंय तोवर बोई अंथरुणातून उठली होती. ती ओरडली नाही. ती खिडकीतून पलीकडे पडली आणि धावत सुटली. बाहेर कोणीतरी धूर पाहिला, आणि बघता बघता सगळ्या बायका गाठोडी नि पोरं उचलून काजूच्या रानाकडे पळत होत्या.

बोई संध्याकाळी सापडली, रस्त्याखालच्या मोरीच्या पाइपात, गुडघे पोटाशी घेऊन. रात्री फिलोमिना म्हापशाहून परतली, तेव्हा मावशीने तुटक्या हिंदीत सांगितलं. तेव्हाही असंच झालेलं. घर पेटलं, आईने फडकं ओलं करून बोईच्या नाकातोंडाला बांधलं, तिला मागच्या दारातून बाहेर ढकललं आणि पाळण्यातल्या बाळासाठी आत वळली. ती काही बाहेर आली नाही.

"माका गाळी घाल गो फिलू," सुमंगला म्हणाली.

"किदें गाळी घालूं? आजीन जें करचें तेंच तुवें केलें."

सुमंगलेला शिव्या चालल्या असत्या. रात्रभर ती बसून राहिली. पिवळ्या टी-शर्टवाल्यांना आपण काय काय बोललो ते तिला आठवत राहिलं. ती मुलं नुसती जाणार होती. हिने तर बरी होत आलेली जखम आपल्या हाताने उसवली होती.

सकाळी ताप उतरला. बोई नळावर उभी होती. सुमंगला लांबूनच म्हणाली, "बोई, बाय."

पोरीने वळून पाहिलं. दोरीवरचा टॉवेल ओढला, नळाखाली भिजवला आणि सरळ हिच्याकडे चालत आली. सुमंगलेच्या जिवात जीव आला. आली, आपणहून आली. ती चटकन खाली बसली.

बोईने तो ओला टॉवेल तिच्या नाकातोंडावर दाबला. मागे गाठ मारून बघितली, इवल्या बोटांना ती बसेना, तशी दोन्ही टोकं हिच्याच मुठीत दिली. मग तिला उठवलं आणि पाठीला दोन्ही हात लावून फाटकाकडे ढकलू लागली.

"धूर नाही गो बाय. बघ, काहीसुद्धा नाही." ओल्या टॉवेलातून शब्द नीट बाहेर येईनात. पोर ढकलतच राहिली. मावशी दारात तोंडावर हात धरून उभी होती.

सुमंगलेला फाटकाबाहेर काढून बोई आत परतली आणि कडी लावली. रडत रडत सुमंगलेने सळ्यांतून कडीला हात घातला. तशी बोईने कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि जोरजोरात मान हलवली. एवढ्या कष्टाने बाहेर काढलेल्या माणसाला ती पुन्हा आगीत येऊ देणार नव्हती.

सुमंगलेने हात काढून घेतला.