काचेबाहेरचा हात

विजेचं बिल कंपनी भरत असेल तर घरातला एसी कोण बंद करतो? आखातात राहणाऱ्या आपल्यापैकी बरेच जण महिनाभर सुट्टीवर गावी जातानाही तो चालूच ठेवून जातात. सौदीतल्या धाहरानच्या बाळकृष्णने तर रिकाम्या बेडरूमचा एसी वर्षभर सोळावर ठेवला होता.

त्याला कारण होतं. बाहेर दमट उकाडा आणि आत गारठा असला की संध्याकाळी खिडकीच्या काचेवर बाहेरून धुकं धरायचं, आणि त्या धुक्यात एक हात उमटायचा. पाच बोटं, करंगळी थोडी वाकडी. अनुराधाचा हात.

अनुराधा, त्याची बायको, गेल्या जुलैत जवळच्या कतीफ गावच्या मासळी बाजारातून परत येताना रस्त्यात कोसळली. डॉक्टरांनी कागदावर उष्माघात लिहिलं. कधीतरी बाहेरून काच पुसताना तिचा तेलकट पंजा टेकला असेल, अशी बाळकृष्णने मनाची समजूत घातली होती. पण त्यानंतर वाळूची दोन वादळं झाली, तरी ठसा गेला नाही. रोज सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली की तो पलंगावर बसून हात यायची वाट बघायचा.

या ऑगस्टमध्ये सलग दोन दिवस हात आला नाही. खोली गारच होईना. त्याने घाबरून एसीवाल्या शारीकभाईंना बोलावलं. ते दापोलीचे, बावीस वर्षं इथेच होते.

त्यांनी एसीचं झाकण काढलं. आत बर्फाची जाड लादी होती.

"जाळीत धूळ भरली की असंच होतं. आता हा वितळेपर्यंत बसा, साहेब."

बर्फ कड् कड् वाजू लागला. खाली बादलीत थेंब पडू लागले. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. सकाळी ऑफिसात द्यायचा अहवाल त्यावर होता, त्यात एक रंगीत नकाशा.

"हा नकाशा कुठला?" शारीकभाईंनी विचारलं.

"उत्तर ध्रुवाचा. तिथला बर्फ कमी होतोय. जहाजांना वाट मिळेल, समुद्राखालचा गॅस काढता येईल. ती जागा कोणाची, यावरून देशादेशांत भांडणं आहेत. आमचं गिऱ्हाईक तिथे पैसा घालणार आहे."

"आणि हा हिरवा रंग?"

"बर्फ नसलेले दिवस. दरवर्षी वाढतात. अनुकूल बदल म्हणून हिरवे."

शारीकभाई हसले. "वा! गॅस काढायचा, जाळायचा, म्हणजे उरलेला बर्फपण जाणार. अनुकूल कोणाला, साहेब? असं जाळून जाळूनच तर इथं आपण भाजतोय ना?"

बाळकृष्णने लॅपटॉप मिटला. बर्फ संपल्यावर शारीकभाईंनी जाळी धुऊन एसी लावला. हळूहळू काच धुरकट झाली. एकेक बोट उमटलं. वाकडी करंगळी शेवटी आली.

शारीकभाईंच्या हातातला पाना तसाच राहिला. "या अल्ला! कोणाचा हात हा?"

"माझ्या बायकोचा. म्हणून एसी बंद करत नाही. इथे गारव्यात ती आहे असं वाटतं."

"साहेब, पंजा बाहेरून आहे," शारीकभाई हळू आवाजात म्हणाले. "एसी काय थंडी बनवत नाय. आतली गरमी उचलतो नि बाहेर टाकतो. चला, दाखवतो."

दोघे घरामागे गेले. खिडकीशेजारी एसीची बाहेरची पेटी घरघरत होती. बाळकृष्ण काचेसमोर उभा राहिला. गरम झोत थेट छातीवर आला. श्वास कोंडला. पायाशी अनुराधाने लावलेला कढीपत्ता जळून काळा पडला होता. वर्षभरात तो इकडे आलाच नव्हता! समोर तो पंजा होता. आत यायला कोणी काचेवर टेकवावा तसा.

अरे देवा! ती आत नव्हतीच! उन्हाने गेलेल्या बाईला मी वर्षभर गरम हवेत उभं केलं!

तो धावत आत गेला. बटणावर बोट ठेवलं आणि थांबला. बंद केलं तर हात पुन्हा दिसणार नव्हता.

"ये गं आता," असं म्हणून त्याने बटण दाबलं.

धुकं विरलं. वाकडी करंगळी शेवटी गेली.

सकाळी ऑफिसात त्याचे साहेब उमाकांत अहवाल बघून वैतागले. "बाळकृष्णराव, हिरव्याचा लाल केलात? तुमच्या एका रंगाने बर्फ परत येणार आहे का?"

"नाही येणार. पण तो वितळला हे बरं झालं, असं माझ्या सहीने जाणार नाही."

अहवाल दुसऱ्याच्या सहीने गेला. बाळकृष्णला त्या कामातून काढलं.

संध्याकाळी काच कोरडी होती. त्याने बादलीतलं बर्फाचं पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतलं. तो जगेल की नाही, ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, गारवा फुकट मिळत नसतो. आपली गरमी कोणाच्या तरी अंगावर टाकूनच तो मिळतो, मग ती घरामागची भिंत असो की पृथ्वीचं टोक. बटण दाबण्याआधी एकदा बाहेर जाऊन बघा, तिथे कोण उभं आहे. ते आपलंच माणूस असेल.